जांभूळ: तक्त्यातलं आणि डबीवरचं

(कमलाबाई सोहोनी यांच्या स्मरणार्थ बेंगळुरू येथे दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



कमलाबाई सोहोनींच्या आठवणीत बोलायला बंगळूरइतकं योग्य गाव नाही, आणि इतकं अडचणीचंही नाही. १९३३ साली मुंबईची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमला भागवत नावाची मुलगी इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकायला आली. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ती अडून बसली. शेवटी वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, अशा अटीवर तिला आत घेतलं गेलं.

ही गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. ती दर वेळी रामन यांच्या दारातच संपते, याचा मला खरं सांगायचं तर कंटाळा आला आहे. दार उघडल्यानंतर आत जाऊन बाईंनी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. एम. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवून १९३९ साली पीएच.डी. घेतली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. आजच्या आमच्या विद्यार्थ्यांचे आभारसुद्धा कधी कधी त्याहून लांबतात. परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरी, आणि लग्नानंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे त्यांनी नीरेचा अभ्यास केला. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी सुचवलेलं ते काम. नीरेत कोणती जीवनसत्त्वं आहेत, लोह किती आहे, हे तपासून त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती देऊन त्यांच्या तब्येतीत फरक पडतो का, तेही पाहिलं गेलं. उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात शिरल्या आणि ‘कीमत’ या तिच्या मासिकात साध्या ग्राहकासाठी लिहू लागल्या.

प्रयोगशाळेतला आकडा, माणसाचं शरीर आणि दुकानातली वस्तू या तिन्ही ठिकाणी ज्यांनी काम केलं, अशी माणसं आपल्याकडे थोडी. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी असा विषय घेतला आहे, ज्यात या तिन्हींची रोज गल्लत होते. विषय आहे जांभूळ.

सध्या त्याचेच दिवस आहेत. गांधी बाजारात, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला, शहरभर सिग्नलांपाशी हातगाड्या उभ्या आहेत. ‘नेरळे हण्णु’ म्हणून पुकारा होतो, ‘कालु केजी’ म्हटलं की पाव किलो कागदात बांधून मिळतं, वर मीठ-तिखटाची चिमूट. ही मोठाली, गरदार जांभळं कोलार-चिक्कबळ्ळापूरच्या बाजूच्या बागांतली. कब्बन पार्क किंवा लालबागेत जी झाडाखाली सांडून फरशी रंगवतात, ती बारकी आणि तुरट. आता गाडीवर आणखी एक गोष्ट असते, ती दहा-पंधरा वर्षांपूर्वी नव्हती: ‘शुगरला चांगलं’ असं लिहिलेली पाटी. आणि तोच माल वातानुकूलित दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत, ‘सुपरफूड’च्या फळीवर, सव्वाशे ग्रॅमच्या परदेशी ब्ल्यूबेरीशेजारी ठेवलेला असतो.

तर आधी तक्ता पाहू. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता सांगतो की १०० ग्रॅम जांभळात सुमारे ८३ ग्रॅम पाणी असतं. ऊर्जा ६० किलोकॅलरी, कर्बोदकं साडेपंधरा ग्रॅम, प्रथिनं पाऊण ग्रॅमच्या आत, पोटॅशियम ७९ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅम. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात क जीवनसत्त्व १८ मिलिग्रॅम दिलेलं आहे. जात, जमीन, पिकणं यांनी एवढा फरक पडतोच. आता त्याच अमेरिकी तक्त्यातली ब्ल्यूबेरी बघा: ऊर्जा ५७, कर्बोदकं साडेचौदा, पोटॅशियम ७७, क जीवनसत्त्व पावणेदहाच्या आसपास. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून वरची नावं झाकली, तर कोणती मिशिगनची आणि कोणती कोलारची हे मीही सांगू शकणार नाही.

गंमत अशी, की पोषक म्हणून डोळ्यांत भरावं असं यात काहीच नाही. प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, असं आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. पाव किलो जांभळं घेतलीत, बिया काढल्या, तर पाऊण भाग गर उरतो आणि त्यातून तीसेक मिलिग्रॅम मिळतं. वाईट नाही. पण त्याच हातगाडीवर पेरू असतो, तो जांभळाच्याच कुळातला, मर्टेसीतला. त्याच्या १०० ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर आहे. आवळ्याचा आकडा आपल्या तक्त्यात ६०० आहे. इथून जवळ हेसरघट्ट्याच्या बागाईत संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का किरण’ हा लाल गराचा पेरू तर लायकोपीनही देतो. पेरूला मात्र कोणी सुपरफूडच्या फळीवर ठेवत नाही. तो स्वस्त आहे, वर्षातला बराच काळ मिळतो आणि त्याचं नाव ऐकून कोणाला गूढ वाटत नाही.

लोहाचं तर बोलूच नये. जांभूळ रक्तासारखं गडद, म्हणून ते रक्त वाढवतं, अशी समजूत घराघरात आहे. अमेरिकी तक्त्यात १०० ग्रॅम जांभळात लोह ०.१९ मिलिग्रॅम, आणि आपल्या बाईला दिवसाला लागतं २९. आपल्या जुन्या तक्त्यांत आकडा यापेक्षा मोठा दिसतो, पण लोहाचे असे कित्येक जुने आकडे पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त करून खाली आणावे लागले. शिवाय जांभळातलं टॅनिन हे जेवणातल्या लोहाच्या शोषणाच्या आड येतं. म्हणजे पंडुरोगासाठी जेवणावर जांभळं खाणं हा उलटा कारभार झाला.

मग त्या गडद रंगात काहीच नाही का? आहे, आणि खरी रंजक गोष्ट तिथेच आहे. हा रंग अँथोसायनिन या कुळातल्या द्रव्यांचा. डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन यांची साखरेला जोडलेली रूपं सालीत आणि सालीलगतच्या गरात असतात. आम्लात ती लालसर दिसतात, अल्कलीत निळी होतात. शर्टावरचा जांभळाचा डाग साबण लावल्यावर निळसर का होतो, हे यावरून कळेल. झाड ही द्रव्यं पक्ष्यांना पिकलेलं फळ दिसावं म्हणून आणि उन्हापासून बचाव म्हणून बनवतं, आपल्या तब्येतीसाठी नव्हे. घसा आवळणारा तुरटपणा टॅनिनचा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडते. मीठ भुरभुरून खाण्यात अक्कल आहे, कारण मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, सोडियमचं नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

काचेच्या नळीत ही रंगद्रव्यं ऑक्सिडीकरण थोपवतात, यात शंका नाही. पण नळीतून माणसात जाताना मोठी गळती होते. खाल्लेल्या अँथोसायनिनपैकी अगदी थोडा अंश जसाच्या तसा रक्तात सापडतो. बाकीचं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्याचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांचा काही उपयोग होतो का, यावर आज काम चालू आहे. अमेरिकी कृषी खात्याने अन्नपदार्थांची ‘ओरॅक’ नावाची यादी काढली होती: कोणत्या पदार्थाची ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता नळीत किती. कंपन्यांनी ती आरोग्याची गुणपत्रिका म्हणून पाकिटांवर छापायला सुरुवात केली. त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नाही आणि त्यांचा गैरवापर होतो आहे, असं सांगून खात्याने २०१२ साली यादीच काढून घेतली. यादी गेली, आकडे मात्र अजून पाकिटांवर भेटतात.

सुपरफूडच्या या बाजारातला सगळ्यात मोठा खेळ ब्राझीलच्या असाईवर झाला. असाई हे अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडच्या दलदलीतल्या ताडवर्गीय झाडाचं बारकं काळं फळ. तिथल्या बेलेम शहरातल्या लोकांचं ते रोजचं अन्न. दाट कोळ काढायचा आणि मासळी, कसाव्याचं पीठ यांच्याबरोबर खायचा. गोरगरिबांचं पोट त्यावर भरतं. तेच फळ रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर गोड सरबताबरोबर गोठवून वाडग्यात गेलं, तिथून कॅलिफोर्नियात, आणि आता आपल्या इंदिरानगरच्या कॅफेत केळं, ग्रॅनोला आणि मध घालून येतं. वाटेत त्याने वजन उतरतं अशी हाकाटी झाली. खोट्या बातमीदारांच्या खोट्या वेबसाइटी उभ्या करून गोळ्या विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २०११ साली न्यायालयात जावं लागलं. बेलेमच्या बाजारात कोणी असाई बारीक होण्यासाठी खात नव्हतं, उलट पोट भरण्यासाठीच खात होतं.

असाईच्या बढाईतली एक युक्ती जांभळाच्या पावडरीलाही लागू आहे, म्हणून ती नीट पाहू. ताज्या फळात पाणी ८३ टक्के. ते सुकवलं की १०० ग्रॅमचे सतरा ग्रॅम उरतात. म्हणजे पावडरीच्या १०० ग्रॅमचा कोणताही आकडा ताज्या फळाच्या जवळजवळ सहापट दिसणारच, सुकवताना काही नासलं नाही तर. आता डबीवर पावडरीचा आकडा लिहा, शेजारी ताज्या सफरचंदाचा लिहा, आणि ‘सफरचंदाच्या कितीतरी पट’ असं म्हणा. खोटं काहीच बोलला नाहीत. पण माणूस पावडर खातो चमचाभर, आणि सफरचंद अख्खं. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं ते वेगळंच. पोषणाच्या लेबलवर पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा: हे कशाचे १०० ग्रॅम?

ब्ल्यूबेरीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, तिच्यावर माणसांत झालेलं संशोधन जांभळापेक्षा खूप जास्त आहे. ते का? अमेरिकेतल्या ब्ल्यूबेरीच्या बागाईतदारांची एक परिषद आहे. शेतकऱ्यांकडून विकलेल्या मालावर वर्गणी घेऊन ती आरोग्यविषयक संशोधनाला पैसे देते. त्यात गैर काही नाही. निष्कर्ष वाचताना फक्त लक्षात ठेवावं. पालघरच्या बहाडोलीत किंवा बदलापुरात जांभूळ पिकवणाऱ्यांची अशी परिषद नाही. तिथल्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली, लखनौच्या संस्थेने जवळपास बिनबियांचं वाण काढलं. पण जांभूळ झाडावरून उतरलं की दोन दिवसांत मऊ पडतं. जो माल दोन दिवस टिकत नाही त्याच्यामागे मोठं भांडवल येत नाही, आणि येतं तेव्हा ते फळाऐवजी पावडर, रस किंवा गोळी करायला येतं. आरोग्याचा दावा लागतो तो तिथे. ताज्या फळाला तो लागत नाही. ते चव घेऊन विकलं जातं.

आता मधुमेहाकडे येतो. हातगाडीवरची ती पाटी त्यासाठीच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. या सभागृहातसुद्धा हात वर करायला सांगितलं तर संकोच वाटावा इतके हात येतील. जांभळाचं नाव या रोगाशी जुनं जोडलेलं आहे. आयुर्वेदात बी वापरली जाते, आणि इन्शुलिनचा शोध लागण्याआधी, म्हणजे १९२१ च्या आधी, युरोपातले डॉक्टरही जांभळाच्या बियांचा अर्क मधुमेहाला देत असत. दुसरं काही हातात नव्हतं. इन्शुलिन आलं आणि तो अर्क तिथल्या कपाटातून निघून गेला.

त्यानंतर उंदरांवर भरपूर प्रयोग झाले. औषधाने मधुमेही केलेल्या उंदरांना बियांचा अर्क दिला की साखर उतरते, असे निबंध भारतातूनच ढिगाने निघाले आहेत. मी ते टाकाऊ म्हणत नाही. पण उंदराला दिलेली मात्रा माणसाच्या वजनात मोजली तर किती बिया होतात, हे त्यांतल्या बऱ्याच निबंधांत शोधावं लागतं. माणसांवर नीट चिठ्ठ्या टाकून, कोणाला काय दिलं हे लपवून केलेल्या चाचण्या फार थोड्या. त्यातली एक ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेची. तिथे जांभळाचं झाड आपल्याकडूनच गेलेलं, आणि त्याच्या पानांचा चहा मधुमेही लोक सर्रास पितात. तिथल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रुग्णांच्या एका गटाला हा चहा, एका गटाला नेहमीची गोळी आणि एका गटाला नुसता दिखाऊ चहा-गोळी दिली. गोळीवाल्यांची साखर उतरली. पानांच्या चहावाल्यांची नाही. पानं म्हणजे बी नव्हे आणि गर नव्हे, हे मान्य. पण ज्यांचा पाटीवर इतका विश्वास आहे, त्यांनी बियांची अशीच चाचणी भारतात, मोठ्या प्रमाणावर करून दाखवावी. देश मधुमेह्यांचा, झाड आपलं, संस्था आपल्या. ती अजून झालेली नाही, याची मला जास्त लाज वाटते.

इथे कमलाबाईंच्या नीरेकडे पुन्हा बघावंसं वाटतं. पदार्थात काय आहे, ही पहिली पायरी. ते शरीरात पोचतं का, ही दुसरी. आणि पोचून माणसाचं काही भलं होतं का, ही तिसरी. डबी पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारते, आणि मधल्या पायरीचं नावही घेत नाही. नीरेच्या वेळी ती उडी मारणं किती सोपं होतं! राष्ट्रपतींनी सुचवलेलं काम, स्वदेशी पेय, सरकारची इच्छा. तरी नीरा माणसांना देऊन पाहण्याचे कष्ट घेतले गेले.

आमच्या ओळखीचे एक काका जयनगरला राहतात. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के. शुगर बऱ्याच वर्षांची. मध्यंतरी त्यांनी गोळी सोडून सकाळ-संध्याकाळ बियांची पावडर सुरू केली, कारण ‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही’. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर त्यांच्यावर ओरडले नाहीत, फक्त जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवले. काका आता गोळीही घेतात आणि जांभळंही खातात. उलटी चूकही होते. गोळी चालू ठेवून वर पावडर घ्यायची, डॉक्टरांना सांगायचं नाही, आणि साखर अचानक उतरली तर उपासाला दोष द्यायचा. पावडर काम करत नसेल तर पहिली चूक घातक, करत असेल तर दुसरी.

मधुमेह्याने जांभूळ खावं का? खावं. १०० ग्रॅमला साठ किलोकॅलरी, बऱ्यापैकी तुरट असल्याने मूठ-दोन मुठींवर हात आपोआप थांबतो, आणि अख्खं फळ चावून खावं लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. जूनमध्ये ती जांभळं असावीत, एरवी पेरू, पपई, संत्रं, किंवा इथलं बंगळूर ब्लू द्राक्ष, ज्याच्या सालीत हीच रंगद्रव्यं आहेत. मात्र जांभळाचा साखर घातलेला रस, जांभळाचं आइस्क्रीम आणि जांभळाचा जॅम हे ‘शुगरला चांगलं’ या पाटीखाली येऊ शकत नाहीत, ती कितीही मोठी लावली तरी.

जाता जाता कायद्याचं सांगतो, कारण कमलाबाई असत्या तर त्यांनी ‘कीमत’मध्ये तेच लिहिलं असतं. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने रोग बरा होतो किंवा टळतो असं म्हणायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी मनाई केली आहे. औषध म्हणून विकत असाल तर १९५४ चा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज’ कायदा आहे. ज्या रोगांवर इलाज करतो अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणजे डबीवर अन्न लिहा नाही तर औषध लिहा, ‘मधुमेह बरा करते’ हे वाक्य दोन्हीकडे बेकायदा. हातगाडीवाल्याला यात धरू नका. त्याने पाटी कोणाचं तरी ऐकून लावली आहे. पण छापील डबी दिसली तर तिच्या चारही बाजूंचा फोटो घ्या, बॅच क्रमांक दिसेल असा, आणि प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार टाका. आणि घरात कोणी पावडर घेत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती डबी पिशवीत घालून न्या.